एकच जनुक, पण धोका वेगवेगळा

१९९३ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ॲलन रोझेस यांच्या गटाने अल्झायमरचा धागा ‘एपीओई-४’ या जनुकरूपाशी जोडला, तेव्हा कोडं सुटल्यासारखंच वाटलं. सुटलं मात्र नव्हतं.

१९९७च्या एकत्रित विश्लेषणात आई-वडील दोघांकडूनही हे रूप मिळालेल्या गोऱ्यांना सुमारे १५ पट धोका दिसला. जपान्यांत तो ३३ पट, तर आफ्रिकी-अमेरिकनांत जेमतेम ६ पट निघाला. नायजेरियातल्या इबादानचे योरुबा लोक तर संशोधकांना चक्रावून टाकणारे. त्यांच्यात हे रूप सर्रास आढळतं, पण आजाराचं वार्षिक प्रमाण इंडियानापोलिसमधल्या आफ्रिकी-अमेरिकनांच्या निम्म्याहूनही कमी.

म्हणजे दोष वंशाचा? इतकं सोपं उत्तर देणाऱ्यांपासून सावध राहिलेलं बरं. या जनुकाच्या आजूबाजूचा डीएनए आफ्रिकी पूर्वजांकडून आलेला असेल, तर धोका सौम्य होतो, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. मग माणूस स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवो की पोर्तो रिकन. आहार, रक्तदाब, शिक्षण यांचा हिशेब वेगळाच.

हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांतही अल्झायमर कमीच आढळला. तिथे एपीओई-४ तुलनेसाठी घेतलेल्या अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाइतकंच घातक ठरलं, फक्त ते बाळगणारी माणसं थोडी होती.