संगणक बंद होत नसेल तर…

शाळेच्या संगणक-कक्षात तासाची घंटा होते, मुले ‘शट डाउन’ देतात, आणि एखाद्या यंत्राचा पडदा काळा झाला तरी आतला पंखा घुमतच राहतो. मग कोणीतरी भिंतीवरचे बटणच बंद करते. आमच्या छत्रपती संभाजीनगरातील शाळांतून हे मी पुष्कळदा पाहिले आहे. बिघाड गप्प केला की तो दुरुस्त झाला, ही समजूत यातून मुलांच्या मनात रुजते, आणि ती मला फार खटकते.

संगणक बंद होणे म्हणजे दिवा मालवणे नव्हे. चालू काम मुख्य स्मृतीत असते, म्हणजे अतिसूक्ष्म धारित्रांवरील विद्युतभाराच्या रूपात. हा भार इतका चटकन गळतो की साधारणपणे दर 64 मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ संगणकाची स्मृती फेराइटच्या चुंबकीय कड्यांची होती. वीज गेली तरी कड्यांचे चुंबकत्व टिकून राही. आजच्या मुख्य स्मृतीला ती सोय नाही. म्हणून बंद होण्यापूर्वी संगणक चालू प्रोग्रॅमना आवरते घ्यायला सांगतो, उरलेली माहिती डिस्कवर उतरवतो, जोडलेल्या उपकरणांना थांबवतो आणि सर्वांत शेवटी वीज तोडण्याची आज्ञा देतो.

गाडी कोणत्या पायरीवर अडली? पडदा काळा आणि पंखा चालू, तर संशय शेवटच्या पायऱ्यांवर. प्रथम पेनड्राइव्ह, प्रिंटर वगैरे एकेक काढून पाहावे. मग ‘रीस्टार्ट’ देऊन पाहावे. 2012 च्या विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. तिच्यात प्रणालीचा गाभा पुरता बंद न होता डिस्कवर जपून ठेवला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र तो पूर्ण बंद होऊन नव्याने सुरू होतो. तेव्हा रीस्टार्ट सुरळीत आणि शट डाउन अडलेले, असे दिसले तर ही सोय ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जाऊन बंद करून पाहावी. एका वेळी बदल एकच! लंबकाची लांबी आणि गोळा दोन्ही एकदम बदलले तर आवर्तकाल कशामुळे बदलला, हे कसे सांगणार? चालू-बंदचे बटण काही सेकंद दाबून धरणे हा अगदी शेवटचा उपाय. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर तोही नको.

मुलांनी हात लावला तर यंत्र बिघडेल, असे काही शिक्षकांना वाटते. वरचे सारे बदल पूर्ववत करता येतात. वीजपुरवठ्याची पेटी मात्र कोणीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यातील धारित्रांवर धोकादायक भार उरलेला असू शकतो. बाकी काम नववीच्या मुलांवर खुशाल सोपवावे आणि प्रत्येक संगणकाशेजारी एक वही टांगावी. तारीख, काय जोडलेले होते, काय बदलले, पुढे काय झाले, एवढे चार रकाने पुरेत.