कमी पैशातली भीती



शेतीच्या या पानावर भुताचा चित्रपट कुठून आला, असे तुम्ही म्हणाल. झाले असे, की पुरुषोत्तमनगरच्या एका माउलीने मला विचारले, "साहेब, पोरगा मोबाइलवर भुताचे पिक्चर बघतो आणि रात्री उसाला पाणी द्यायला एकटा जात नाही. असले पिक्चर बंद का करत नाहीत?"

मी म्हटले, एकटा जात नाही ते बरेच आहे. आपल्या उसात बिबट्या असतो, साप असतो, मोटारीच्या पेटीत ओल उतरलेली असते. दोघांनी जावे, पायात गमबूट, हातात काठी आणि बॅटरी असावी. पण बाईंचा प्रश्न एवढ्याने मिटत नाही. ज्या चित्रपटाला सगळे नावे ठेवतात तो लोक इतक्या आवडीने का बघतात, आणि त्यातले घ्यावे काय, टाकावे काय, हे पाहायला हवे.

आपल्याकडे हे पीक रुजवले रामसे बंधूंनी. वडिलांचे पूर्वी कराचीत रेडिओचे दुकान होते, फाळणीनंतर ते मुंबईला आले. १९७० साली त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' नावाचा चित्रपट काढला आणि तो पडला. पण मुखवटा घातलेले पृथ्वीराज कपूर चोरी करतात तेवढ्या एका प्रसंगाला लोक दाद देत होते, हे मुलांनी थिएटरात बसून हेरले. सगळा प्लॉट गेला, पण एका सरीतले बेणे जोमदार निघाले, तर शहाणा शेतकरी तेच पुढे लावतो. तसेच त्यांनी केले. १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' आला. खर्च साधारण साडेतीन लाख रुपये. मुंबईहून मंडळी बसने महाबळेश्वरला गेली, तिथल्या सरकारी विश्रामगृहात उतरली आणि सुमारे चाळीस दिवसांत काम उरकून परतली. सात भाऊ. एक लिहिणारा, एक कॅमेऱ्यावर, एक आवाज धरणारा, दोघे दिग्दर्शनाला. ज्या घरात भाऊ-भाऊ राबतात तिथे मजुरीचा खर्च कसा वाचतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

या चित्रपटांची मोठी हुशारी म्हणजे हाताशी असेल ते वापरणे. महाबळेश्वरचे धुके फुकट मिळते, काळोखालाही पैसे पडत नाहीत. राक्षस बनवायला पैसा नाही, म्हणून तो लवकर दाखवायचाच नाही. आधी दार करकरते, मग सावली, मग नुसता हात. उरलेला राक्षस बघणारा आपल्या मनात स्वतःच तयार करतो, आणि तो पडद्यावरच्यापेक्षा नेहमी भारी असतो. १९८४ च्या 'पुराना मंदिर'मध्ये सामरी नावाचा दैत्य आहे. ते काम अनिरुद्ध अग्रवाल या उंच्यापुऱ्या गृहस्थांनी केले, शिक्षणाने ते इंजिनिअर. त्यांची उंची आणि चेहरा हेच निम्मे भांडवल होते.

कमतरताही उघड आहेत. मुखवटा एकदा उजेडात आला की लहान पोरही हसते. गोष्ट तीन तास पुरत नाही, मग गाणी घाला, विनोद घाला. 'पुराना मंदिर'मध्ये जगदीप मध्येच 'शोले'ची नक्कल करतात आणि भूत बिचारे तोवर थांबून राहते! यात्रेत तंबूत बसून बघायला ही खिचडी चालते, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार दुसरी आहे. 'पुराना मंदिर'मध्ये घराण्याला शाप आहे, त्या घरातली बाई बाळंतपणात मरते. पडद्यावर हे कारण स्वस्तात पडते. आपल्या जिल्ह्यात बाई बाळंतपणात दगावते तेव्हा रक्तस्राव झालेला असतो, अंगात रक्त आधीच कमी असते, किंवा दवाखाना दूर असतो. पोराचे सांधे पुन्हा पुन्हा दुखतात, डोळे पिवळे होतात, त्याचे कारण पुष्कळदा सिकलसेल असते आणि रक्ताच्या तपासणीत ते कळते. पण शाप म्हटला की शाप देणारा शोधावा लागतो. सातपुड्यातल्या पाड्यांवर मग डाकीण शोधली जाते. ती बहुधा एकटी राहणारी, म्हातारी, विधवा किंवा जिच्या नावावर तुकडाभर जमीन आहे अशी बाई असते. चित्रपटातली चेटकीण अशीच दिसते, पांढरे केस, एकटे घर. कमी पैशात भीती दाखवायची तर सर्वांच्या मनात आधीपासून असलेला चेहरा उचलणे सोपे, आणि त्याची किंमत निर्माता देत नाही. ती त्या बाईला भरावी लागते. कुणाला डाकीण ठरवून छळणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड होतो. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.

म्हणून चित्रपट बंद करा, असे मी म्हणणार नाही. २०१७ साली विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' हा मराठी चित्रपट आला, तो याच वाणाचा आहे. माणसे मोजकी, घर एक, आणि भोवताली ऊस. पूजा सावंत गरोदर बाई झाली आहे, उषा नाईक त्या घरातली वडीलधारी बाई. दोन सऱ्या आत गेले की पुढचे दिसत नाही, वारा नसताना पाते सळसळते, हे तुम्हाला रोजचे आहे. शेतकऱ्याने बारा-चौदा महिने वाढवलेल्या फडाचे इथे नेपथ्य झाले. भूत यातही आहे. पण शेवटी अंगावर काटा येतो तो मुलगी नको म्हणणाऱ्या जित्या माणसांचा. गोष्ट पुरेशी पटली असावी, कारण त्याच दिग्दर्शकाने २०२१ साली ती हिंदीत 'छोरी' म्हणून पुन्हा केली. मधला भाग थोडा लांबला आहे, त्याच त्या दचकवण्या दोनदा-तीनदा येतात. तरी मला रामसेंच्या सगळ्या दैत्यांपेक्षा यातली उषा नाईकांची मऊ बोलणारी बाई जास्त भ्यायला लावते.

त्या माउलीला मी हेच सांगितले, की पोरगा मोठा आहे, त्याच्याबरोबर बसून 'लपाछपी' बघा आणि मध्ये मध्ये बोला. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना दाखवू नका, त्यांची झोप उडते. घरात सुनेला दिवस गेलेले असतील तर तिच्यापुरता तो पुढच्या वर्षावर ठेवा. बाळंतपण सुखरूप होऊ द्या, मग सगळ्यांनी मिळून बघा.