एका रुपयाचे कॅलक्युलस

अकरावीचे प्रवेश आटोपले की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा उरत नाही. पालकांच्या हातात याद्या असतात आणि त्यात गणिताखाली चार-पाच नावे: पाठ्यपुस्तक, मार्गदर्शक, प्रश्नसंच, शिवाय क्लासच्या नोट्स. घरी मोबाइलवर व्याख्यानांची रांग उभी असतेच. एवढी शिदोरी बांधून दिल्यावरही मूल कॅलक्युलसला का घाबरते, हे कोडे अनेक घरांत दिवाळीच्या सुमारास पडते.

आमच्या इमारतीतल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणितात उत्तम गुण. अकरावीला विज्ञान शाखेत गेली आणि सारे एकदम इंग्रजीत सुरू झाले. ‘आजोबा, मी गणित सोडते, जीवशास्त्र ठेवते,’ इथवर पाळी आली. गणित सुटले की अभियांत्रिकीची वाट सोळाव्या वर्षीच बंद होते, म्हणून मी तिला बसवून घेतले. लिमिट म्हणजे काय, असे विचारले. तिने सूत्रे धडाधड म्हणून दाखवली. अर्थ विचारला तेव्हा थबकली आणि म्हणाली, ‘ओलांडायची नाही ती रेषा.’

तिला दोष कसा द्यावा? मी तीसेक वर्षे बँकेत काढली. कर्जखात्याचे लिमिट आम्हीही त्याच अर्थाने सांगत होतो. कॅलक्युलसमधले लिमिट निराळे. एखादी राशी ज्या ठिकाणाच्या आपल्याला हवी तितकी जवळ जाऊ शकते, ते ठिकाण म्हणजे लिमिट.

मग मी बँकेचाच आधार घेतला. समज, एक रुपया वर्षाला शेकडा १०० दराने ठेवला. वर्षअखेर दोन रुपये होतील. व्याज सहामाही धरले तर २ रुपये २५ पैसे, तिमाही धरले तर २.४४, दरमहा २.६१ आणि रोज धरले तर २.७१. आता दर तासाला, दर मिनिटाला व्याज धरत गेलो तर रुपयाचे लाख होतील का? ती म्हणाली, होतील. कॅल्क्युलेटर हातात दिला. आकडा २.७१८च्या आसपास रेंगाळू लागला, २.७२ काही होईना. त्या आकड्याचे पुस्तकातले नाव ‘ई’. व्याजाचे हेच कोडे १६८३ मध्ये जेकब बर्नुली या स्विस गणितज्ञाने हाताळले होते. मुलीने ‘ई’ची दहा सूत्रे पाठ केली होती, तिची ‘ई’शी ओळख मात्र त्या संध्याकाळी झाली. गणित तिने अजून सोडलेले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. मुलाला आणखी साधने देण्याआधी, विषयाचा अर्थ सावकाश आणि त्याच्या भाषेत सांगणारे एक साधन द्या. कादंबरीचा सारांश पाठ करून परीक्षेत गुण मिळतात, पण कादंबरी वाचलेली नसते. गणिताचेही तसेच आहे.

असे साधन महाग असते असेही नाही. लंडनच्या एका तंत्रमहाविद्यालयाचे प्राचार्य सिल्व्हेनस थॉम्प्सन यांनी १९१० मध्ये ‘कॅलक्युलस मेड ईझी’ हे पुस्तक काढले, तेही पहिल्या आवृत्तीवर स्वतःचे नाव न घालता. ‘डीएक्स’ म्हणजे ‘एक्स’चा इवलासा तुकडा आणि संकलनाचे ते लांबट चिन्ह म्हणजे अशा तुकड्यांची बेरीज, इतक्या साधेपणाने ते सुरुवात करतात. आज ते इंटरनेटवर विनामूल्य मिळते. बालभारतीची आणि एनसीईआरटीची पुस्तकेही तशीच मिळतात. चित्रांतून समजून घ्यायचे असेल तर ग्रँट सँडरसन यांची २०१७ ची ‘एसेन्स ऑफ कॅलक्युलस’ ही चित्रफितींची मालिका आहे.

भाषेचा मुद्दाही नवा नाही. केरळात ज्येष्ठदेवाने १५३० च्या सुमारास ‘युक्तिभाषा’ लिहिली, ती संस्कृतात न लिहिता मल्याळममध्ये. अनंत श्रेढींची सूत्रे तीत सिद्धतेसह दिली आहेत. आपल्याकडे ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी डिफरेन्शियल कॅलक्युलसवर ‘शून्यलब्धि’ हे मराठी पुस्तक लिहिले. जांभेकर १८४६ मध्ये वारले, म्हणजे हा विषय मराठीत येऊन पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली. तो मराठीत समजावता येत नाही, असे आज कोणी म्हणू नये.

यावर पालक म्हणतील, सीईटीत ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न सोडवायचे असतात, तिथे अर्थ कोण विचारतो? म्हणणे खरे आहे. वेगासाठी सराव लागतोच आणि क्लासही उपयोगी पडतो. पण परीक्षेच्या ताणात पाठ केलेले सूत्र निसटले, तर ते पुन्हा उभे करायला अर्थच लागतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी ओळख, मग सराव, मग घड्याळ.

पालकांना कॅलक्युलस येत नसले तरी बिघडत नाही. पाठ्यपुस्तक आणि थॉम्प्सन यांच्याबरोबर एक आलेखवही द्या. चित्रफीत एकावेळी एकच पाहू द्या आणि नंतर मोबाइल बाजूला ठेवून तोच आलेख हाताने काढायला सांगा. एसटीने पुण्याहून साताऱ्याला जाताना विचारा, सुमारे ११० किलोमीटर अडीच तासांत झाले तर सरासरी वेग ४४ आला. मग खंबाटकी घाट चढताना काटा दाखवतो तो वेग कसला? तो त्या क्षणाचा वेग, म्हणजेच विकलन. आणि आठवड्यातून एकदा, शिकलेले आजीला मराठीत समजावून सांगायला लावा. आजीला ते कळले पाहिजे असे नाही. सांगताना मूल जिथे अडखळेल, तिथले पान पुन्हा उघडायचे.