प्रेमकथेतल्या गावात बौद्धवाडी का नसते?



प्रेमकथा वाचणाऱ्या मुलींची टिंगल करायची आपल्या चळवळीत सवय झाली आहे. प्रतिलिपीवर रोज एकेक भाग वाचणारी मुलगी दिसली की आपलाच कार्यकर्ता विचारतो, "ही काय प्रबोधन करणार?" या टिंगलीला माझा विरोध आहे आणि त्या कथांनाही.

आधी ओढ समजून घ्या. तालुक्याचं गाव, एसटी स्टँड, कॉलेज, चहाची टपरी. दोघं रोज एकमेकांना बघतात, पण पन्नास भाग झाले तरी हातात हात येत नाही. याला 'स्लो बर्न' म्हणतात, मंद आचेवरचं प्रेम. आपल्या मुलींना यात काय मिळतं? वेळ मिळतो. घरी कांदेपोह्यांचा कार्यक्रम अर्ध्या तासात उरकतो आणि पसंती-नापसंती मोठी माणसं ठरवतात. कथेतला नायक मात्र ती 'हो' म्हणेपर्यंत थांबतो. गागोदे बुद्रुकहून पेणला कॉलेजला जाणारी मुलगी त्या कथेत स्वतःच्या होकाराला किंमत असलेलं जग बघते. यात हसण्यासारखं काय आहे? बाईला लग्नात आणि मालमत्तेत माणसाचा हक्क देणारं हिंदू कोड बिल अडवलं गेलं, हे बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडण्याचं एक मोठं कारण होतं. त्या मुलीची ओढ त्याच हक्काची आहे.

आता विरोध कशाला, ते सांगतो. या कथांतल्या गावात बौद्धवाडी नसते, कातकरवाडी नसते. नायकाचं आडनाव बहुधा वाड्याला शोभणारं. प्रेमात अडथळा असतो तो गैरसमजाचा, अहंकाराचा, जुन्या जखमेचा. शेवटच्या भागात मन वितळतं आणि अडथळा संपतो. जात मात्र कुणाच्या वाटेत येत नाही, कारण ती लेखकाने आधीच गावाबाहेर काढलेली असते.

मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही चांगली कादंबरी आहे. आणीबाणीचा काळ, छोटं गाव, नववीतला जोशी आणि शिरोडकर. वर्षभर नुसतं बघणं. शेवटी ती गाव सोडून जाते आणि त्याच्या वाट्याला हुरहुर उरते. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त जब्याही शालूकडे असाच बघतो. त्याच्या वाट्याला काय उरतं? भर गावात डुक्कर पकडायचं, खांद्यावर वाहून न्यायचं आणि शाळेच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या, फुल्यांच्या चित्रांसमोरून जायचं. दोघांचं बघणं एकच, पण किंमत वेगळी. 'फँड्री' थिएटरात लागला २०१४ च्या फेब्रुवारीत. एप्रिलमध्ये नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात १७ वर्षांच्या दलित मुलाला मारून टाकलं. सवर्ण मुलीशी संबंध असल्याचा नुसता संशय पुरला. साक्षीदार उलटले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. हा शेवट कुठल्या स्लो बर्नमध्ये वाचलात?

गागोदं हे विनोबांचं जन्मगाव. त्यांचा जन्म इथे १८९५ चा. जमीनदाराचं हृदय पालटेल आणि तो आपणहून जमीन देईल, हा भूदानाचा पाया. मंद आचेच्या प्रेमकथेचा पायाही तोच आहे, थांबा, मन वितळेल. पण याच रायगड जिल्ह्यात महाड आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते कुणाचं हृदय वितळायची वाट बघून गेले नव्हते. पाणी प्यायचा हक्क होता, म्हणून प्यायले. जात ही कुणा एकाच्या मनातला गैरसमज नाही, ती धर्मशास्त्रांच्या आधारावर उभी आहे, आणि तिच्यावरचा खरा उपाय आंतरजातीय विवाह आहे, हे त्यांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये मांडलं. १५ एप्रिल १९४८ ला त्यांनी स्वतः डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी विवाह केला. मुलगी सारस्वत ब्राह्मण घरातली. माईसाहेबांनी त्या सहवासावर पुस्तक लिहिलं. आपल्यातल्या किती जणांनी ते प्रेमाचं पुस्तक म्हणून वाचलं?

आजही विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लागते. आपल्या पोरांच्या आयुष्यातला खरा स्लो बर्न तो. त्या तीस दिवसांत भाऊ, चुलते, गावकरी, सगळ्यांना पत्ता लागतो. या तीस दिवसांवर कथा लिहिली तर वाचक श्वास रोखून वाचतील.

म्हणून दोन कामं. एक, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष करायला सांगितलं. तो आपल्या जिल्ह्यात कुठे आहे, कोणता नंबर चालू आहे, हे अलिबागला जाऊन विचारा आणि वाडीवाडीत कळवा. दोन, लिहा. मुलींनो, तुम्ही लिहा. पन्नास भाग लिहा, मंद आचेवर लिहा, हात हातात यायला हवा तेवढा वेळ घ्या. फक्त पहिल्या भागात दोघांची आडनावं सांगा आणि कुणाचं घर गावात आहे, कुणाचं वाडीत, तेही सांगा. नायकाला फक्त तिच्या होकारासाठी थांबू द्या. गावाच्या परवानगीसाठी कुणीही थांबू नका.

जय भीम!