पडद्यामागचा हजेरीपट

कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि अंबरनाथ ही स्थानके मागे टाकून बदलापूरला पोचते. या गावाच्या नावाविषयी एक जुनी समजूत आहे. घाटाकडून कोकणात व पुढे गुजरातेकडे जाणारे स्वार येथे थकलेले घोडे बदलीत, म्हणून हे बदलापूर. ही व्युत्पत्ती इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो, गावाच्या स्वभावाशी ती जुळणारी आहे. २० फेब्रुवारी २०१५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘बदलापूर’ या हिंदी चित्रपटाने मात्र याच नावातून ‘बदल’ न उचलता ‘बदला’ उचलला. बँकेवर दरोडा घालून पळणाऱ्यांच्या हातून ज्याची पत्नी व मुलगा मारले गेले, असा एक तरुण पुणे सोडून बदलापूरला येतो, कारखान्यात नोकरी धरतो आणि पंधरा वर्षे सूडाची वाट पाहतो, अशी ही कथा. गावाचे नाव त्यामुळे देशभर गाजले. तथापि हा चित्रपट कोणी केला, असे बदलापूरच्या फलाटावर विचारले तर उत्तरादाखल वरुण धवन आणि नवाजुद्दीन सिद्दिकी ही दोन नावे येतील. फार तर दिग्दर्शक श्रीराम राघवन यांचे तिसरे. बाकीची नावे पडद्यावरून वर सरकत असतानाच प्रेक्षकाने खुर्ची सोडलेली असते.

या बाकीच्या नावांचा विचार रसिकतेच्या प्रश्नापुरता मर्यादित नाही. तो श्रमाच्या मोलाचा आणि श्रमातील धोक्याचा प्रश्न आहे.

एकट्याची कला नव्हे

‘बदलापूर’चेच उदाहरण घ्यावे. त्याचे बीज मास्सिमो कार्लोत्तो या इटालियन लेखकाच्या कादंबरीत आहे. पटकथा अरिजित बिस्वास आणि राघवन यांची, छायालेखन अनिल मेहता यांचे, संकलन पूजा लढ्ढा सुरती यांचे, संगीत सचिन-जिगर यांचे. हुमा कुरेशी, दिव्या दत्ता, विनय पाठक, राधिका आपटे, कुमुद मिश्रा, अश्विनी काळसेकर अशा नटनट्यांनी लहानमोठ्या भूमिकांतून या कथेला आधार दिला. ही झाली वरच्या ओळीतील नावे. त्यांच्याखाली दिवे वाहणारे, कॅमेऱ्याचे रूळ टाकणारे, नेपथ्याचे सुतार, रंगभूषा व वेशभूषा करणारे, गर्दीत उभे राहणारे ज्युनिअर आर्टिस्ट आणि नटाच्या जागी पडणारे, आपटणारे, गाडीखाली येणारे स्टंटवाले असतात. गुन्हेगारीपटात या शेवटच्या वर्गाचे काम सर्वांत अधिक, आणि प्रेक्षकाला त्यांचा चेहरा दिसू नये हीच त्यांच्या कौशल्याची कसोटी.

मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण १९८३ च्या ‘अर्धसत्य’चे आहे. पोलीस आणि गुंड यांच्या संघर्षावरील हा चित्रपट ओम पुरी यांच्या नावाने ओळखला जातो, आणि ते यथायोग्यही आहे. परंतु त्याच्या मुळाशी श्री. दा. पानवलकर यांची ‘सूर्य’ ही मराठी कथा होती. पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देव यांचे, शीर्षकाला अर्थ देणारी कविता दिलीप चित्रे यांची. रामा शेट्टीच्या भूमिकेतील सदाशिव अमरापूरकर मराठी रंगभूमीवरून आलेले. दिग्दर्शक व छायालेखक गोविंद निहलानी कराचीत जन्मलेले आणि फाळणीमुळे लहानपणीच विस्थापित झालेले. ज्या लोंढ्यातून कल्याणची लष्करी छावणी १९४९ साली उल्हासनगर झाली, त्याच लोंढ्यातले हे एक घर. एका चित्रपटात किती प्रांतांची, किती भाषांची आणि किती कसबांची बेरीज असते, याचा हा पाठच होय.

हाँगकाँगचा धडा

गुन्हेगारीपटाच्या कारखानदारीत हाँगकाँगने जगाला पुष्कळ शिकविले. तेथील कँटोनीज भाषेतील रिंगो लॅम यांचा ‘सिटी ऑन फायर’ १९८७ साली आला. १९९२ च्या ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’ या अमेरिकन चित्रपटाशी त्याचे असलेले साम्य समीक्षकांनी वारंवार नोंदविले आहे. आणि २००२ च्या आपल्या ‘काँटे’ने पुन्हा त्या अमेरिकन चित्रपटावरून स्फूर्ती घेतली. अशा रीतीने चिनी समुद्राकाठची कथा अमेरिकेला वळसा घालून मुंबईत उतरली. या प्रवासात माल पोचला. मूळ कारागिरांची नावे मात्र वाटेतच गळून पडली. जेथे ऋण रीतसर मान्य झाले तेथेही घोटाळा टळला नाही. अँड्र्यू लाऊ आणि ॲलन माक यांच्या ‘इन्फर्नल अफेअर्स’वरून काढलेल्या ‘द डिपार्टेड’ला २००७ साली ऑस्कर मिळाले, तेव्हा पटकथेच्या पारितोषिकाच्या वेळी निवेदकाने मूळ चित्रपट जपानी असल्याचे जाहीर केले! एका संपूर्ण शहराच्या चित्रपटसृष्टीचे श्रेय एका चुकीच्या विशेषणाने दुसऱ्याच देशाच्या नावावर गेले.

त्याच हाँगकाँगने एक चांगला पायंडाही पाडला. जॅकी चॅन यांच्या अनेक चित्रपटांच्या शेवटी, नावे सरकत असताना, फसलेल्या उड्या आणि झालेल्या दुखापती दाखविल्या जात. १९८६ साली ‘आर्मर ऑफ गॉड’च्या चित्रीकरणात झाडावरून पडून चॅन यांची कवटी फुटली होती; तो प्रसंगही प्रेक्षकांपासून लपविला गेला नाही. यात जाहिरातीचा भाग होताच. तरीही पडद्यावरील प्रत्येक थराराची किंमत कोणीतरी अंगावर घेतलेली आहे, हे तिकीट काढणाऱ्याला उमगत असे. आपल्याकडे ती किंमत झाकण्याकडे कल अधिक.

जोखमीची विभागणी

अर्थशास्त्राच्या दृष्टीने चित्रपट हा एक तात्पुरता कारखाना आहे. काही महिन्यांसाठी शेकडो माणसे एकत्र येतात, एक वस्तू तयार करतात आणि कारखाना मोडून निघून जातात. कायम मालक नाही, कायम हजेरीपट नाही. काम शिफ्टवर आणि पैसे पुष्कळदा मागाहून. थकलेली देणी आणि कामाचे लांबलेले तास यांसाठी ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबईतील लाखाहून अधिक चित्रपट कामगारांनी संप केला, तेव्हा बड्या नटांचे चित्रीकरणही थांबले. कॅमेऱ्यापुढचा एक माणूस कॅमेऱ्यामागच्या शंभरांवर किती अवलंबून आहे, हे त्या दिवसांत दिसून आले.

निर्मात्यांच्या बाजूने जे म्हटले जाते तेही न्यायबुद्धीने ऐकले पाहिजे. बहुसंख्य चित्रपट तोट्यात जातात. तो तोटा निर्माता सोसतो, दिवे लावणारा नव्हे. नटाच्या नावावर तिकिटे विकली जातात, म्हणून त्याला मोठा मोबदला. शिवाय कामगार संघटनांनीही सभासदांखेरीज इतरांना कामावर घेऊ न देण्याचा हट्ट धरला होता, आणि २०१७ साली स्पर्धा आयोगाने अशा प्रथा थांबविण्याचा आदेश दिला. हे सारे खरे आहे. परंतु येथे दोन निराळ्या जोखमींची गल्लत होते. निर्मात्याची जोखीम पैशाची असते. ती वाटून घेता येते, तिचा हिशेब मांडता येतो, पुढच्या चित्रपटात ती भरूनही निघते. स्टंटवाल्याची जोखीम मानेची आणि मणक्याची. ती भरून निघत नाही. नफ्याचा मोठा वाटा एकीकडे आणि शरीराचा धोका दुसरीकडे, ही विभागणी कोणत्याही सिद्धांताने समर्थनीय ठरत नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये एका कन्नड चित्रपटाच्या चित्रीकरणात तिघांनी हेलिकॉप्टरमधून बंगळूरजवळच्या जलाशयात उड्या घेतल्या. नायक वाचला, खलनायकाचे काम करणारे दोघे नट बुडाले. फेब्रुवारी २०२० मध्ये चेन्नईजवळ एका चित्रपटाच्या तळावर क्रेन कोसळून तिघे दगावले. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत गाडी उलटविण्याचा प्रसंग चित्रित होताना एक अनुभवी स्टंट कलावंत प्राणास मुकला. त्यानंतर अक्षय कुमार यांच्या पुढाकाराने हिंदीतील काही शे स्टंट कलावंतांना विम्याचे छत्र मिळाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. ही गोष्ट निःसंशय प्रशंसनीय आहे. परंतु जे हक्काने मिळावयास हवे ते एखाद्या नटाच्या उदारतेवर अवलंबून राहावे, हे व्यवस्थेला भूषणावह नाही.

कायदा आहे, अंमल हवा

कायद्याने या वर्गाकडे अगदीच पाठ फिरविली असे नाही. १९८१ साली संसदेने चित्रपट कामगारांसाठी स्वतंत्र कायदे केले. लेखी करार सक्तीचा झाला, तंट्यांसाठी समेट अधिकारी व न्यायाधिकरणाची तरतूद झाली, भविष्यनिर्वाह निधी व उपदान लागू झाले, आणि प्रत्येक चित्रपटावर उपकर बसवून कल्याण निधी उभारण्यात आला. हा उपकर पुढे रद्द झाला. १९९८ साली चित्रपट व्यवसायाला उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा झाली आणि बँकांची दारे उघडली. भांडवलाला संशयास्पद सावकारांच्या कचाट्यातून सुटण्याचा मार्ग मिळाला, हे इष्टच झाले. पण उद्योगाचा दर्जा भांडवलाला जितक्या त्वरेने लाभला तितक्या त्वरेने तो मजुरीला लाभला नाही.

१९८१ चे कायदे २०२० च्या श्रम संहितांमध्ये विलीन झाले आणि या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांत चित्रपट कामगाराची व्याख्या व्यापक होऊन दृक्‌श्राव्य निर्मितीतील सर्व कामगार, डबिंग करणारे व स्टंट करणारेदेखील, तिच्या कक्षेत आले. नेमणूकपत्राची सक्तीही आली. कागदावर हे मोठे पाऊल आहे. प्रश्न इतकाच की चार दिवसांच्या चित्रीकरणासाठी कंत्राटदाराने पाठविलेल्या माणसाच्या हाती ते नेमणूकपत्र कोण ठेवणार, आणि ठेवले नाही तर कोण विचारणार?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. उल्हासनगरच्या चिंचोळ्या गाळ्यांत शिवलेली जीन्स दुसऱ्याच्या नावाने विकली जाते. ‘मेड इन यूएसए’चा जुना विनोद त्यातूनच जन्मला, आणि त्यात हसण्याजोगे होते तितकेच कारागिराच्या अनामिकतेचे दुःखही होते. अंबरनाथला विम्कोची आगपेटी घरोघर पोचली. ती भरणारे हात कोणाला ठाऊक झाले नाहीत. शेजारच्या डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ च्या आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात झालेल्या स्फोटांनी, धोका कोणाच्या वाट्याला येतो हे दाखवून दिले. पडद्यावरचा स्फोट खोटा आणि कारखान्यातला खरा. पण दोन्हींपाशी उभा असलेला माणूस बहुधा एकाच प्रकारचा असतो. तो कंत्राटी असतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत त्याचे नाव न येता फक्त संख्या येते.

काय करता येईल?

उपाय फार खर्चिक नाहीत. चित्रपटाच्या अंदाजपत्रकात कामगारांचा अपघात विमा ही स्वतंत्र बाब असावी आणि विम्याचा पुरावा दिल्याखेरीज साहसदृश्यांच्या चित्रीकरणास परवानगी मिळू नये. मराठी चित्रपटांना राज्य शासन अर्थसाहाय्य देते. सर्व कामगारांची देणी चुकती झाल्याचे प्रमाणपत्र ही त्या साहाय्याची अट करता येईल. संघटनांनी दारे मोकळी ठेवून प्रशिक्षणाची जबाबदारी घ्यावी. घरबसल्या चित्रपट दाखविणाऱ्या कंपन्या नावे सुरू होताच पुढचा कार्यक्रम लावतात, ती खोड त्यांनी सोडावी. राष्ट्रीय पुरस्कारांत २०१७ पासून साहसदृश्यांच्या दिग्दर्शनाला स्थान मिळाले. ऑस्करनेही २०२७ च्या चित्रपटांपासून असा पुरस्कार देण्याचे ठरविले आहे. सन्मानाची सुरुवात झाली आहे. संरक्षण तिच्या मागोमाग यावे.

उरते ते प्रेक्षकाचे कर्तव्य. महाविद्यालयांतील चित्रपट मंडळांनी एखादा गुन्हेगारीपट दाखविल्यानंतर त्याच्या नामावलीवरच एक तास चर्चा ठेवावी: यातील प्रत्येक काम कोणते, ते कोण करतो, त्याला किती मिळते, आणि हातपाय मोडले तर कोण पाहतो? उद्योगसंस्थेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला यासारखा जिवंत धडा क्वचितच मिळेल.

‘बदलापूर’ हे नाव चित्रपटाने सूडासाठी वापरले. गावकऱ्यांच्या समजुतीतले बदलापूर मात्र थकलेल्या घोड्याला विसावा देणारे, त्याच्या जागी ताजा घोडा उभा करणारे होते. स्वार कितीही घाईत असो, घोड्याच्या दमाचा हिशेब त्याला ठेवावाच लागे. चित्रपटाचा धंदा हा हिशेब ठेवू लागला, तर पडद्यावर सरकणाऱ्या त्या लांबलचक नामावलीला हजेरीपटाचा मान मिळेल. तोवर प्रेक्षकाने निदान ती संपेपर्यंत खुर्चीत बसून राहावे.