आपल्या घराचा वृत्तांत लिहिण्याविषयी तरुण-तरुणींस जाहीर आवाहन

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर 1803 साली सरफोजीराजांनी भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, तो तेथे आजही वाचावयास मिळतो. ज्यांच्या पदरी कारकून आणि पाथरवट होते त्यांनी आपली वंशकथा दगडावर ठेविली. सरदार-जहागीरदारांच्या वाड्यांतून सनदांची दफ्तरे राहिली. आणि विसाव्या शतकात काही सुशिक्षित घराण्यांनी वर्गणी जमवून आपापले कुलवृत्तांत छापून घेतले. परंतु ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचे शेत कसले, माग चालविला, गावकीची कामे उपसली किंवा गिरणीच्या भोंग्यावर आयुष्य काढले, त्या असंख्य घरांचा इतिहास कोणी लिहून ठेविलेला नाही, आणि कोणी तिऱ्हाईत येऊन तो लिहील अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. म्हणून ज्या तरुण-तरुणींच्या घरी आजी, आजोबा, थोरली आत्या अथवा मामा आज बोलत्या-चालत्या स्थितीत आहेत, त्या प्रत्येकास सविनय विज्ञापना आहे की, येत्या सुटीत आपल्या घराचा वृत्तांत लिहावयास आरंभ करावा.

आरंभ कागदपत्रांपासून न करता माणसांपासून करावा. कारण कागद दहा वर्षांनीही सापडेल, माणूस सापडेलच असे नाही. मात्र वडीलधाऱ्यांना सन विचारू नये. सन विचारला की ती माणसे परीक्षेस बसल्यासारखी संकोचतात. त्यांच्या स्मरणाची कालगणना निराळी असते: थोरले काका पानशेत फुटले त्या वर्षी पुण्याहून परत आले, माजघराची भिंत कोयनेच्या भूकंपात पडली, गाव सोडले ते बहात्तरच्या दुष्काळात, आणि मुंबईची खोली गेली ती गिरण्यांच्या संपानंतर. हे बोलणे जसेच्या तसे टिपून घ्यावे आणि मग स्वस्थपणे त्याचा मेळ घालावा. पानशेतचा प्रलय 12 जुलै 1961 रोजी झाला. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झाला. किल्लारीचा 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे. गिरणी कामगारांचा संप 18 जानेवारी 1982 पासून सुरू झाला. ‘भूकंप झाला तेव्हा तुझा बाप रांगत होता’ एवढे आजी बोलली, तर वडिलांचा जन्म 1967 च्या पूर्वार्धातला असावा असे अनुमान निघते, आणि शाळेच्या दाखल्यावर 1 जून ही तारीख असेल तर तिच्याकडे साशंकतेने पाहावयाचे कारणही मिळते. मुलाचे नाव शाळेत घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजींनी 1 जून लिहून टाकावी, असा परिपाठ आपल्या खेड्यांतून इतका रूढ होता की एकेका गावची अर्धी पिढी एकाच दिवशी जन्मलेली दिसावी! सरकारी शिक्का असला तरी कागद दुसऱ्या साक्षीने पडताळून घेतला पाहिजे, हा इतिहास-संशोधनाचा पहिला धडा येथे घरबसल्या मिळतो.

तारखा जुळल्या म्हणजे वृत्तांत झाला असेही नाही. दुष्काळी कामावर खडी फोडताना तान्हे मूल कोणापाशी ठेवीत, मिलोची भाकरी कशी लागे, सुकडी घरी कोणासाठी बांधून आणीत, मुंबईहून येणारी मनीऑर्डर वाचून दाखवावयास कोण येई, हे विचारावे. यांतली एकही गोष्ट कोणत्याही दफ्तरात नोंदलेली नाही.

त्यानंतर माळ्यावरची ट्रंक उघडावी. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, जुनी शिधापत्रिका, लग्नपत्रिका, पोथीच्या शेवटच्या पानावर कोणी टाकलेली जन्माची नोंद, यांतले काहीही टाकाऊ समजू नये. तलाठ्याकडील सातबारा आणि फेरफार, प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर, तहसील कचेरीतील जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, ही साधने पुष्कळ घरांनी जातीच्या दाखल्यासाठी धुंडाळलेली आहेत. पण काम झाल्यावर त्या नकला फायलीत पडून राहिल्या. त्या आता पुन्हा काढून वाचाव्यात. कूळकायद्याने जमीन नावावर केव्हा झाली, वतन केव्हा खालसा झाले, सावकाराचा बोजा केव्हा उतरला, हे सारे त्यांत आहे. शके दिला असेल तर 78 आणि फसली सन असेल तर 590 मिळविले म्हणजे इसवी सन साधारणपणे हाती येतो. कागद मोडीत असेल तर हताश होऊ नये. पुराभिलेख संचालनालयाच्या वतीने मोडीचे वर्ग भरतात, आणि थोडक्या महिन्यांच्या अभ्यासाने ती लिपी वाचू लागलेले विद्यार्थी पुष्कळ आहेत.

या कागदांत एक मोठी उणीव आहे आणि ती तुम्हीच भरून काढावयाची आहे. वंशावळीत मुलगे येतात, नातू येतात. मुली येत नाहीत. वारसनोंदीत बहिणींची नावे चढतात खरी, पण पुढच्याच फेरफारात हक्कसोडपत्राने ती कमी झालेली दिसतात. आईचे माहेर, आजीचे माहेर आणि आजीच्या आईचे माहेर एवढे तरी प्रत्येकाने शोधून लिहावे, आणि लग्नापूर्वीच्या नावांसह लिहावे. ज्या वृत्तांतात घराच्या निम्म्या माणसांना जागा नाही त्याला घराचा इतिहास म्हणण्यास मी तरी तयार नाही.

जुन्या पिढ्यांच्या नावांसाठी आणखी दोन ठिकाणे आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून यात्रेस आलेल्या पूर्वजांची नावे गावानुसार मिळतात. कोल्हापूर-सांगली-बेळगावकडे हेळवी दारी येऊन वंशावळ म्हणतात आणि तिची वहीही बाळगतात. त्यांना पसाभर धान्य घालून वाटेस लावण्याऐवजी ओसरीवर बसवून घ्यावे आणि ते सांगतील ते आदराने उतरून घ्यावे.

लिहिताना मात्र सत्याशी प्रतारणा नको. मूळपुरुष रजपुतान्यातून आणण्याचा मोह आपल्याकडे फार जुना आहे, त्याला बळी पडू नये. आजोबांनी वेठ केली असेल, धरणाखाली गाव बुडाले असेल, भावाभावांत दावा लागला असेल, पाणवठ्यावर पाणी नाकारले गेले असेल किंवा आपल्याच पूर्वजाने ते दुसऱ्यास नाकारले असेल, तर तेही लिहावे. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी 1857 च्या धामधुमीतला आपला प्रवास पुष्कळ वर्षांनी लिहून काढला. त्यात आपली भीती आणि दैन्य त्यांनी झाकले नाही, म्हणूनच 1907 साली छापलेले ते पुस्तक आजही वाचले जाते. हयात माणसांच्या खाजगी गोष्टी तेवढ्या त्यांच्या संमतीवाचून लिहू नयेत.

हस्ताक्षरातली एक वहीही पुरे. प्रत्येक हकिकतीखाली ती कोणी, कोठे आणि कोणत्या दिवशी सांगितली हे नमूद करावे. दोघांचे सांगणे जुळत नसेल तर दोन्ही ठेवावे. वही पुरी झाली म्हणजे सांगणाऱ्यांस ती वाचून दाखवावी, दुरुस्त्या घ्याव्यात, आणि तिच्या प्रती काढून एक आत्याच्या घरी, एक मामाच्या घरी आणि एक गावच्या वाचनालयात पोच घेऊन द्यावी.