तुटलेला बोल्ट आणि क्रियापदांची मराठी

मराठीच्या अध्यापकांनी मोटारीच्या इंजिनात तुटलेल्या बोल्टावर लेख लिहावा, हे काहींना विनोदी वाटेल. तरीही तो लिहिणे आम्हांला भाग आहे. या बोल्टाच्या निमित्ताने आमच्या हातून झालेली एक चूक आम्हांला कबूल करायची आहे. आणि त्या चुकीमागे केवळ आमची घाई नव्हे, तर मराठीच्या अध्यापनातला एक जुना समज आहे, असे आमचे मत झाले आहे.

काही वर्षांपूर्वी उपयोजित मराठीच्या वर्गात आम्ही ‘मला येणारे एक काम’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. सुट्टीत गॅरेजमध्ये राबणाऱ्या एका विद्यार्थ्याने इंजिनात तुटून बसलेला बोल्ट कसा काढतात, ते लिहिले. आम्ही त्याला 20 पैकी 7 गुण दिले. समासात लाल शाईने ‘इंग्रजी शब्दांचा अतिरेक’ असा शेरा मारला, आणि एका वाक्याखाली रेघ ओढून ‘अर्थ अस्पष्ट’ असे लिहिले. ते वाक्य आम्हांला आजही आठवते : ‘बोल्ट तुटतो तेव्हा आवाज येईलच असे नाही, हात रिकामा होतो.’

त्या वाक्याचा अर्थ आम्हांला गेल्या पावसाळ्यात कळला. रिसोड–वाशिम रस्त्यावरून आम्ही तिघे ज्या मोटारीने ये-जा करतो, तिच्या इंजिनातून फटफट आवाज येऊ लागला. धूर बाहेर नेणारा लोखंडी भाग जिथे इंजिनाच्या हेडला बसतो, तिथली पकड सुटली होती. वाशिमच्या गॅरेजमध्ये मिस्त्रींनी पाना लावला, आणि आमच्यापैकी एकाने उत्साहाने ‘थोडा मी फिरवून पाहतो’ म्हणून तो हातात घेतला. बोल्ट घट्ट होता. जोर वाढवला. एका क्षणी सगळा प्रतिकार नाहीसा झाला आणि पाना मोकळाच फिरला. बोल्टाचे डोके पान्यात राहिले, धड हेडमध्ये. आवाज आला नव्हता. हात रिकामा झाला होता.

मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी तारेच्या ब्रशाने ती जागा घासली, गंज सोडवणारे तेल सोडले आणि म्हणाले, “सर, आज त्याले तेल पिऊ द्या. जोर केला तं हेडच जाईन.”

पुढचे दोन दिवस आम्ही कॉलेज सुटल्यावर तिथे जाऊन बसलो. जे पाहिले ते असे. बोल्ट पोलादाचा, हेड ॲल्युमिनियमचे. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. इंजिन हजारो वेळा तापते आणि निवते, त्यात गंजाची भर पडते, आणि आटे एकमेकांना धरून बसतात. अशा वेळी तुटक्या तुकड्याच्या मध्यभागी पंचने खूण करून भोक पाडायचे आणि त्यात उलट्या पिळाचे हत्यार रुतवून तो फिरवायचा, हा एक मार्ग असतो. गॅरेजच्या भाषेत त्या हत्याराला ‘इझी आउट’ म्हणतात. नावात सोपेपणा आहे, कामात नाही. ते हत्यार अतिशय कडक आणि म्हणूनच ठिसूळ असते. ते आत मोडले तर साधे ड्रिल त्याला कापू शकत नाही. शिवाय भोक जरा बाजूला गेले, तर ड्रिल कठीण पोलाद सोडून मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरते आणि मूळ आटेच खाऊन टाकते.

म्हणून मिस्त्रींनी दुसरा मार्ग धरला. तुकडा किंचित वर आला होता. त्यावर एक नट ठेवून नटाच्या पोटातून वेल्डिंग केले. पोलादाचे वेल्डिंग ॲल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे हेडला धोका कमी. आणि त्या उष्णतेने बोल्ट फुगतो, निवताना आकसतो व गंजाची पकड मोडते. पहिला नट उखडून आला. दुसरा बसला. तो निवल्यावर त्यांनी लगेच उलटा फिरवला नाही. आधी केसभर आवळला, मग केसभर सोडला, पुन्हा तेल, पुन्हा आवळणे, पुन्हा सोडणे. ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ ही म्हण आम्ही वर्षानुवर्षे शिकवली आहे. इथे जाळ दिल्यावरच पीळ सुटताना पाहिला. अर्ध्या तासाने तुकडा बाहेर आला. मग टॅप फिरवून आटे साफ केले, हवा मारून कीस उडवला, आणि नवा बोल्ट उष्णता सोसणारे ग्रीस लावून हाताने बसवला. पाना अगदी शेवटी.

हे पाहताना आमच्या लक्षात आले, की त्या विद्यार्थ्याच्या निबंधात हे जवळजवळ सगळे होते. आम्ही नामे मोजली होती : बोल्ट, हेड, नट, वेल्डिंग, टॅप. ही नामे इंग्रजी होती, म्हणून भाषा भ्रष्ट ठरवली. क्रियापदांकडे आम्ही पाहिलेच नाही. आवळणे, सोडणे, रुतवणे, उखडणे, निवणे, आकसणे, आटे धरणे, आटे खाणे, तेल पिऊ देणे, हवा मारणे : या कामाचे सारे ज्ञान या क्रियापदांत आहे आणि ती मराठी आहेत. कोणती गोष्ट हातात आहे ते नाम सांगते. हाताने किती, केव्हा आणि कुठवर करायचे ते क्रियापद सांगते. भाषा परक्या नामांनी मरत नाही. ज्या दिवशी मिस्त्री ‘लूज करा’, ‘कूल होऊ द्या’ एवढेच म्हणू लागतील आणि सैल करणे, ढिले करणे, मोकळे करणे यांतला फरक विसरतील, त्या दिवशी काळजी करावी.

यावर एक आक्षेप आम्हांला अपेक्षित आहे. मग परिभाषा घडवण्याचे प्रयत्न व्यर्थच होते काय? तसे आम्ही म्हणत नाही. राज्यव्यवहारकोशापासून भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांपर्यंतची परंपरा आदराचीच आहे. न्यायालय, कायदा, प्रशासन यांना नेमकी नामे लागतात. पण शब्द टेबलावर घडतो तेव्हा त्याला काम करणाऱ्या हाताची साक्ष लागते. हा संबंध मराठीला नवा नाही. 1910 मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीत नांगर आणि यंत्रे घडत होती. त्याच कारखान्याने 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढले, आणि शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्यातून मराठीतले एक महत्त्वाचे मासिक उभे राहिले. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ने 1915 मध्ये बलुतेदारांचे व्यवहार ग्रंथात आणले. लोहाराची ऐरण, भाता, सांडशी आणि कानस हे शब्द आपण जपतो ते तो धंदा मागे पडल्यावर. त्याच्या वारसाची, म्हणजे गॅरेजची, भाषा मात्र आपल्याला अशुद्ध वाटते.

वाशिमकरांना तर या बाबतीत विशेष जबाबदारी आहे. हे गाव म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात लावला आहे, आणि वैदर्भी रीतीला ‘वच्छोमी’ हे नाव याच नगरावरून मिळाले. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आमच्या वर्गांतही हे दाखले अभिमानाने दिले गेले. अभिमान योग्यच आहे. पण शब्द आणि अर्थ यांचा विवाह एकदाच लागून संपत नाही. तो रोज, प्रत्येक नव्या कामाशी, नव्याने लावावा लागतो. आणि आज तो जिथे लागतो तिथे आम्ही वऱ्हाडी म्हणूनही जात नाही.

आमची सूचना साधी आहे. एम. ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या परिसरातले एक काम पाहून पाच-सात पाने लिहावीत : बोल्ट काढणे, मोटारपंपाची वायंडिंग भरणे, सोयाबीनची मळणी, काहीही. लेखन आधी त्या कारागिराला वाचून दाखवावे. ‘हे असं नसते’ असे तो म्हणाला, तर पुन्हा लिहावे. गुण आम्ही नंतर देऊ. नेमकेपणा म्हणजे काय, हे समीक्षेच्या कोणत्याही तासापेक्षा इथे लवकर कळेल. आणि संहितेवर जोर करून अर्थ उपटण्याची आमची जी सवय आहे, तीही कदाचित थोडी सैल होईल.

त्या विद्यार्थ्याने पुढे मराठी विषय घेतला नाही. कारण आमचा शेरा होता की आणखी काही, हे आम्ही कधी विचारले नाही. ती वही आता मिळणार नाही. त्याने मात्र वाक्य बरोबर लिहिले होते. रेघ आमची चुकली होती.